दोन सेटमधली दोन मिनिटे : खान्देशातील जिमचालक, प्रशिक्षक आणि सभासदांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील जिम आणि व्यायामशाळांचे चालक, प्रशिक्षक व सर्व सभासद

विषय : गर्दीच्या वेळी यंत्रे अडवून होणाऱ्या गप्पा, मोबाईलचा वापर आणि त्यावरील उपाय याबाबत.

सप्रेम नमस्कार.

जिममधील गप्पा, मोबाईल आणि त्यांच्यामुळे अडून राहणारी यंत्रे यांविषयी हे पत्र आहे. जिमच्या तक्रारवहीतही हे लिहिता आले असते. परंतु हा प्रश्न एका जिमचा किंवा एका बॅचचा नाही, आणि चालक, प्रशिक्षक व सभासद या तिघांनी मिळून मनावर घेतल्याशिवाय तो सुटणारही नाही, म्हणून उघडपणे लिहीत आहे. गप्पा बंद कराव्यात अशी माझी मागणी नाही. बेंच, खांद्यावर बार घेऊन बैठका मारायचा स्क्वॅट रॅक किंवा केबलचे यंत्र अडवून गप्पा होऊ नयेत आणि एकाच्या विसाव्याचा वेळ दुसऱ्याच्या सेटला (न थांबता वजन उचलण्याच्या एका फेरीला) मिळावा, एवढेच मागणे आहे. दिसायला ते लहान आहे. पण ज्यांना दिवसाकाठी जेमतेम एक तास व्यायामाला मिळतो, त्यांच्या दृष्टीने सगळे त्यावरच अवलंबून आहे.

आपल्या भागात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, त्याचे पहिले कारण ऊन आहे. मार्च सरला की जळगाव-भुसावळकडचा पारा चढू लागतो आणि एप्रिल-मेमध्ये तो ४४-४५ अंशांवर जाणे ही आपल्याकडे बातमी राहत नाही. आपली बरीच जिम इमारतीच्या वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या छताखाली आहेत. दुपारी बारा ते पाच या वेळात तेथे लोखंडी बारला हात लावणे नकोसे होते, आणि त्यातच वीज गेली तर पंखेही थांबतात. त्यामुळे फलकावर सकाळी पाच ते रात्री दहा अशी वेळ लिहिलेली असली, तरी खऱ्या अर्थाने जिम चालते ते पहाटेचे तीन तास आणि संध्याकाळी सातनंतरचे अडीच-तीन तास. सगळ्या गावाचा व्यायाम एवढ्या अरुंद वेळात बसवायचा असतो. अशा वेळी एका बेंचवर वीस मिनिटे चाललेली चर्चा ही फक्त दोघा मित्रांची खासगी बाब राहत नाही.

दुसरे कारण म्हणजे वाट पाहणारा माणूस कोण आहे. आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. पहाटे मैदानावर धावून झाल्यावर हीच मुले खांदे, पाय आणि पाठ यांची ताकद वाढवण्यासाठी जिममध्ये येतात आणि नऊला त्यांना अभ्यासिकेत पोहोचायचे असते. विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकणारा चोपड्याचा, धरणगावचा, यावलचा विद्यार्थी संध्याकाळच्या एसटीचे वेळापत्रक डोक्यात ठेवूनच डंबेल उचलतो. एमआयडीसीतील डाळ मिलमध्ये, पाइपच्या किंवा चटईच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार, सराफ बाजारातील दुकान बंद करून साडेआठला येणारा सेल्समन, भुसावळला रेल्वेत कधी रात्रपाळी तर कधी दिवसपाळी करणारा कर्मचारी, ही माणसे फी भरतात ती पोटाला चिमटा घेऊन, आणि त्यांच्याकडे असलेला तास पुढे ढकलता येत नाही. गप्पांमुळे जो वेळ जातो तो बोलणाऱ्यांचा जात नाही. त्यांना घाई नसते म्हणूनच ते बोलत असतात. जातो तो या लोकांचा.

ही माणसे तोंड उघडून सांगत का नाहीत, असा प्रश्न चालक मंडळी विचारतात. त्याचे उत्तर आपल्या समाजाच्या रीतीत आहे. बेंचवर बसलेली व्यक्ती बहुधा कोणाची तरी आप्पा, नाना किंवा दादा असते. गल्लीतली, भाऊबंदकीतली, नाहीतर गावात वजन असलेली. एकोणीस वर्षांच्या मुलाने चाळिशीच्या दादाला ‘उठा’ म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानतात, आणि ही मर्यादा मला वाईटही वाटत नाही. तो फार तर जवळ जाऊन ‘झालं का दादा?’ असे विचारतो, ‘दोन सेट राहिले’ हे उत्तर ऐकतो आणि ते दोन सेट संपेपर्यंत पाण्याच्या कुलरपाशी उभा राहतो. तिथे तो स्वतःचा मोबाईल काढतो, आणि मग आपण म्हणतो की आजची पोरे मोबाईलमध्येच असतात. लहानाने मोठ्याला सांगण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करणे हे जिमच्या चालकाचे काम आहे, आणि ते काम बऱ्याच ठिकाणी होत नाही.

आता थोडा हिशेब मांडतो, कारण ‘चार गोष्टी बोललो तर काय बिघडले’ या म्हणण्याला हिशेबानेच उत्तर देता येते. समजा एखाद्याचा व्यायाम पाच प्रकारांचा आणि प्रत्येकी तीन सेटचा, म्हणजे एकूण पंधरा सेटचा आहे. एका सेटला साधारण ४० सेकंद धरले तर प्रत्यक्ष वजन उचलण्याचा वेळ होतो १० मिनिटे. मधल्या १४ विसाव्यांना प्रत्येकी दोन मिनिटे दिली तर २८ मिनिटे. त्यात वॉर्मअपची दहा मिनिटे मिळवली, तरी सारे पाऊण तासाच्या थोडे पुढे जाऊन संपते. हाच विसावा गप्पांमुळे सहा मिनिटांचा झाला की २८ मिनिटांच्या जागी ८४ मिनिटे लागतात आणि तोच व्यायाम पावणेदोन तासांवर जातो, एकही सेट न वाढता. ‘मी रोज दोन तास जिममध्ये असतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी आपला पुढचा दिवस या हिशेबाने तपासून पाहावा, ही विनंती आहे.

विसावा नकोच असे मात्र कोणी समजू नये. तो व्यायामाचाच भाग आहे आणि त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. जड वजनाच्या थोडक्या वेळच्या श्रमाला स्नायू जी तातडीची ऊर्जा वापरतात, ती फॉस्फोक्रिएटिन नावाच्या साठ्यातून येते. सेट संपल्यावर हा साठा पहिल्या अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरून येतो आणि तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ पूर्ववत होतो. म्हणून ताकदीसाठी अतिशय जड वजनाने स्क्वॅट किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलण्याचा व्यायाम) करणाऱ्याला तीन-चार मिनिटे थांबावे लागते आणि त्याच्या थांबण्याला कोणी नावे ठेवू नयेत. स्नायूंचा आकार वाढवण्यासाठी मध्यम वजनाचा व्यायाम करणाऱ्याला एक ते दोन मिनिटे, कधी त्याहून थोडी अधिक पुरतात. पाच मिनिटांच्या पुढे थांबून शरीराला फारसे काही मिळत नाही. उलट तापलेले स्नायू हळूहळू थंड होऊ लागतात, लक्ष उडते आणि पुढचा सेट पुन्हा नव्याने सुरू केल्यासारखा होतो. किती थांबायचे हे श्वासाने आणि घड्याळाने ठरवायचे असते. आपल्याकडे ते समोरच्याचा किस्सा कधी संपतो यावर ठरते.

यावर मला जो उपाय सर्वांत खात्रीचा वाटतो, तो म्हणजे आलटून-पालटून सेट मारणे. एका बेंचवर तिघांनी मिळून काम केले, तर एकाचा सेट आणि प्लेटची अदलाबदल धरून प्रत्येकी साधारण एक मिनिट लागते. म्हणजे दोघांचे सेट होईपर्यंत तिसऱ्याला आपोआप दोन मिनिटांचा विसावा मिळतो. प्रत्येकी चार सेटचे तिघांचे काम बारा मिनिटांत होते. या गतीने एका बेंचवर तासाला पंधरा माणसे होऊ शकतात. त्याच बेंचवर एकेकटा माणूस प्रत्येक सेटनंतर सहा मिनिटे बसून राहिला, तर चार सेटना वीस मिनिटांहून अधिक लागतात आणि तासात तिघांचेही काम नीट होत नाही. प्रत्यक्षात वजने वेगवेगळी असतात, प्लेट काढण्या-घालण्यात वेळ जातो, म्हणून पंधरा ऐवजी आठ-नऊच धरा. तरीही तिप्पट माणसे त्याच बेंचवर, त्याच तासात व्यायाम करून जातात. सोमवारी बहुतेकांचा छातीचा व्यायाम असतो आणि बेंचपाशी जी रांग लागते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या फरकाचे मोल कळेल. नवीन बेंच घेण्यासाठी चालकाला हजारो रुपये खर्चावे लागतात आणि तो ठेवायला जागाही लागते. हा उपाय फुकट आहे.

शिवाय या पद्धतीत माणसामाणसांतला संबंध तुटत नाही, उलट तो कामाचा होतो. तिघे एकत्र आले की एकाला सपोर्ट द्यायला दुसरा आपोआप उभा असतो, शेवटच्या दोन रेप्सना (सेटमधल्या एकेका उचलीला) ‘चल भो, अजून एक’ म्हणणारा कोणीतरी मिळतो आणि अनोळखी सभासदाचे नाव आठवडाभरात कळते. माणूस इतरांच्या सोबतीने अधिक जोर लावतो, हे निरीक्षणही बरेच जुने आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदी तपासून दाखवले की एकट्याने वेळेशी झुंजणाऱ्यापेक्षा इतरांबरोबर धावणारे स्वार अधिक वेगाने जातात. सोबतीचा हा लाभ जिममध्ये घ्यायचा असेल, तर ती सोबत बारच्या आसपास, सेटच्या वेळी हवी. दोघेजण मिळून यंत्रावर बसून राहिले तर तो लाभ कोणालाच होत नाही.

ज्यांनी आपल्या गावांतील तालमी पाहिल्या आहेत, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. जोर-बैठका मोजून, एका लयीत, सगळ्यांबरोबर होत असत. लढतीला जोड लागायची आणि आपली पाळी येईपर्यंत बाकीचे कडेला उभे राहून पाहत असत, कारण पाहणे हाही शिकण्याचाच भाग होता. गप्पा व्हायच्या त्या मातीतून बाहेर आल्यावर, ओट्यावर. यात्रांमधील कुस्त्यांच्या दंगलींचे वेड आपल्या भागाला आजही आहे आणि चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली, ती या भागातल्या पोरांनी डोळे भरून पाहिली आहे. त्या यशाचे फोटो आपल्या अनेक जिमच्या भिंतींवर शोभतील. परंतु ज्या शिस्तीतून असे मल्ल घडतात, ती शिस्त जिमच्या दारातून आत आली तर मला अधिक आनंद होईल.

आता सुरक्षिततेविषयी. या मुद्द्यावर मला सौम्य भाषा वापरता येणार नाही. खांद्यावर बार घेतलेल्या माणसाशी बोलू नये. जड स्क्वॅट किंवा डेडलिफ्ट करताना माणूस पोट घट्ट आवळून, क्षणभर श्वास रोखून कण्याला आधार देत असतो. त्याच क्षणी कोणी मागून ‘काय भो, दिसला नही दोन दिवस’ अशी हाक मारली, तर तो सवयीने मान वळवतो, श्वास सोडतो, आणि कण्याला मिळालेला आधार वजनाखालीच सुटतो. बेंच प्रेस करणाऱ्याला सपोर्ट देण्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाने शेजारच्याशी बोलत राहणे हे तर त्याहून धोक्याचे, कारण खाली झोपलेल्याने त्याच्या भरवशावरच नेहमीपेक्षा जास्त वजन घेतलेले असते आणि तो बार छातीवर किंवा गळ्यावर येऊ शकतो. ट्रेडमिलवर पळताना बाजूच्याकडे वळून बोलणे, किंवा एका हाताने मोबाईल धरून दुसऱ्याला चित्रफीत दाखवणे, यातून तोल जातो. ट्रेडमिलला दोरी लावलेली एक छोटी सुरक्षा-चावी असते. ती कपड्याला अडकवली की माणूस घसरताच पट्टा थांबतो. बहुतेक ठिकाणी ती यंत्रावर नुसती लोंबकळत असते किंवा हरवलेली असते. प्रशिक्षकांनी निदान ती तरी सभासदांना दाखवावी.

नवशिक्यांच्या बाबतीत गप्पांचे एक वेगळे रूप दिसते, ते म्हणजे न मागितलेला सल्ला. एखादा मुलगा पहिल्यांदा डेडलिफ्ट करायला वाकला की तिघे जवळ येतात. एक म्हणतो पाय लांब ठेव, दुसरा म्हणतो जवळ ठेव, तिसरा पट्टा बांधायला सांगतो. तिघांचाही हेतू चांगला असतो, हे मी मान्य करतो. परंतु रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेला एक विचार इथे अगदी लागू पडतो : जे काम अंगवळणी पडलेले आहे, ते इतरांच्या उपस्थितीत माणूस अधिक चांगले करतो, जे अजून शिकायचे आहे, ते इतर पाहत असताना बिघडते. म्हणजे जुन्या सभासदाला जी गर्दी जोर देते, तीच नव्याचे पाय लटपटवते. तो लाजतो, वजन घाईघाईने खाली ठेवतो आणि महिन्याभरात यायचा बंद होतो. नव्या सभासदाला पहिले काही आठवडे एकच माणूस शिकवेल, तो प्रशिक्षक असेल, आणि इतर कोणी चुकीचे काही पाहिले तर ते त्या प्रशिक्षकाला सांगतील, असा साधा नियम प्रत्येक जिमने करावा. मुलींच्या बाबतीत तर हा नियम अधिक कडकपणे पाळावा लागेल. ‘ताई, असं करा’ म्हणत जवळ येऊन उभे राहणाऱ्यांचा त्यांना किती त्रास होतो, हे त्या नोंदवहीत लिहीत नाहीत. वेळ बदलून घेतात किंवा जिम सोडतात.

एवढे सगळे लिहूनही जिममध्ये पूर्ण शांतता असावी या मताशी मी सहमत नाही. असे मत मांडणारे काही सभासद आहेत आणि त्यांचा त्रागा मला समजतो. तरीही तसा नियम केला तर तो सर्वांत आधी ज्यांना जिमची गरज आहे त्यांच्यावरच पडेल. निवृत्त झालेले, डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाबासाठी व्यायाम सांगितलेले काका-काकू सकाळी सायकलवर किंवा ट्रेडमिलवर चालतात, ते शेजारच्याशी बोलत बोलतच. त्यांच्यासाठी बोलणे हे तर श्रमाचे मापही आहे, कारण मध्यम गतीच्या व्यायामात माणसाला बोलता येते पण गाता येत नाही, अशी साधी कसोटी प्रशिक्षक वापरतात. हलकी वजने उचलताना रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखू नये म्हणून त्यांना मोठ्याने आकडे मोजायलाही सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, आणि पासष्टीनंतरच्यांनी तोल सांभाळण्याच्या व्यायामाला आठवड्यात तीन दिवस द्यावेत. एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे नुसते सांगून होत नाही. चार ओळखीची माणसे भेटणार आहेत म्हणूनच तो साडेसहाला घराबाहेर पडतो. त्याच्या तोंडाला कुलूप लावणारी पाटी मला कोणत्याही भिंतीवर नको आहे.

मुलींचेही तसेच आहे. आपल्या गावांतून आजही अनेक मुलींना जिमला जाण्याची परवानगी मिळते ती मैत्रीण बरोबर असेल या अटीवर. दोघी मिळून येतात, मिळून व्यायाम करतात, एकमेकींशी बोलतात. ती सोबत त्यांचे संरक्षण आहे आणि तिच्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार मला वाटत नाही कोणाला आहे. म्हणून भेद माणसांत न करता जागेत करावा : सायकल, ट्रेडमिल, अंग ताणण्याच्या चटया येथे बोलणे मोकळे, रॅक, बेंच, केबल आणि डेडलिफ्टची जागा येथे फक्त सेटपुरते बोलणे. ज्याने कानात हेडफोन घातले आहेत त्याला कोणत्याही जागेत हाक मारू नये, एवढी समज मात्र सर्वांनीच दाखवावी.

मोबाईलविषयी माझे मत गप्पांपेक्षा कठोर आहे. बोलणाऱ्या दोघांना निदान समोर कोण उभे आहे ते दिसते. स्क्रीनमध्ये मान घातलेल्याला तेही दिसत नाही. सेट संपला, हात खिशात गेला, एक रील पाहिली, दुसरी आपोआप सुरू झाली, आणि दोन मिनिटांची सात मिनिटे कधी झाली हे त्याला स्वतःलाही कळत नाही. काही सभासद व्यायामाची नोंद मोबाईलमध्ये ठेवतात, काही टायमर लावतात. हे वापर योग्य आहेत. परंतु बेंचवर बसून फोनवर प्लॉटचा सौदा करणे, केळीचा भाव विचारणे किंवा घरच्या लग्नाची यादी करणे याला जिमच्या बाहेर जिना आहे, रस्ता आहे. रील काढणाऱ्यांनी गर्दीच्या वेळात स्टँड लावून वाट अडवू नये आणि इतर सभासदांचे चेहरे, विशेषतः स्त्रियांचे, त्यांच्या संमतीशिवाय चित्रित करू नयेत. कपडे बदलण्याच्या खोलीत मोबाईल बाहेर काढायचाच नाही, असा नियम हवा. तेथे लपून एखाद्या स्त्रीचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचा गुन्हा आहे आणि तशी पाटी दारावर ठळक अक्षरांत असावी.

प्रशिक्षकांना दोन शब्द. सभासद तुमच्याकडे पाहून शिकतात. पर्सनल ट्रेनिंगची वेगळी फी भरलेल्या माणसाच्या रेप्स मोजताना तुमचे लक्ष व्हॉट्सॲपवर असेल, किंवा गर्दीच्या तासात तुम्ही काउंटरवर प्रोटीन पावडरच्या डब्याचे गुण सांगत असाल, तर इतरांना शिस्तीचा उपदेश करायला तुम्हाला तोंड राहत नाही. तुमचे पगार कमी आहेत आणि पावडरच्या विक्रीतून तुम्हाला थोडे उत्पन्न मिळते, याची मला जाणीव आहे. त्यासाठी दुपारची मोकळी वेळ आहे. संध्याकाळी सात ते साडेनऊ तुम्ही मोकळ्या जागेत फिरत असावे, कोण किती वेळ बसले आहे यावर नजर ठेवावी आणि थांबलेल्या मुलाला स्वतः नेऊन बेंचवर बसलेल्या दादांच्या पाळीत जोडून द्यावे. ‘दादा, हा पण तुमच्यात येतो’ हे वाक्य प्रशिक्षकाने म्हटले की कोणाचाही मान दुखावत नाही. तेच वाक्य त्या मुलाला म्हणता येत नाही, हे मी वर लिहिलेच आहे.

चालकांकडून जे अपेक्षित आहे, त्याला फार खर्च येत नाही. रॅक आणि बेंच दिसतील अशा भिंतीवर सेकंदकाटा असलेले मोठे घड्याळ असावे, म्हणजे वेळ पाहण्यासाठी मोबाईल काढण्याचे निमित्त उरणार नाही. गर्दीच्या वेळेत बेंच, रॅक आणि केबल आलटून-पालटून वापरायचे, असा फलक लावावा आणि तो नियम फी घेतानाच नव्या सभासदाला समजावून सांगावा, कारण नंतर सांगितलेला नियम माणसाला आपल्यावर रोखलेला वाटतो. दाराजवळ किंवा गच्चीच्या बाजूला चार खुर्च्या आणि पाण्याचा माठ ठेवून बसण्याची जागा करावी. गप्पांना हक्काची जागा मिळाली की त्या बेंचवरून उठतील, असे मला मनापासून वाटते. गाण्यांचा आवाज इतकाच असावा की ‘सपोर्ट दे’ ही हाक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल. आणि हे नियम चालकाच्या मित्रांना, नातेवाइकांना आणि गावच्या पुढाऱ्यांनाही सारखेच लागू असावेत. नियम मोडला जातो तो बहुतेक वेळा तिथेच, आणि एकदा तिथे मोडला की बाकीच्यांना सांगण्यात अर्थ राहत नाही.

हे सारे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत व्हावे, अशी विनंती आहे. तोवर परीक्षा संपलेल्या असतात, पुण्या-नाशिककडे शिकणारी मुले गावी परततात, माहेरवाशिणी येतात, आणि त्यांतले अनेकजण एक-दोन महिन्यांची फी भरून जिममध्ये दाखल होतात. त्याच आठवड्यांत ऊन सर्वाधिक असते आणि वापरता येण्याजोगे तास सर्वांत कमी. आमच्या संध्याकाळच्या बॅचमधील काही सभासदांनी घड्याळाचा आणि फलकाचा खर्च आपसांत वाटून घेण्याची तयारी दाखवली आहे. तसेच सोमवार ते शुक्रवार एक-एक जण आळीपाळीने बेंचजवळची पाळी लावण्याचे काम पाहील, असेही ठरवले आहे. आमच्या चालकांनी होकार दिल्यास पुढच्या सोमवारपासून आम्ही सुरुवात करू. इतर गावांतील ज्या सभासदांना हे पटेल, त्यांनी आपापल्या चालकांसमोर हे पत्र ठेवून त्यांच्याशी बोलावे.

आपला नम्र,
जळगाव येथील संध्याकाळच्या बॅचचा एक सभासद